वाचोपचाराची पदवी आणि गोरेगावचे मूल

हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावसारख्या गावात एखादे मूल अडीच-तीन वर्षांचे होऊनही बोलू लागले नाही, तर घरातील वडीलधारी मंडळी प्रथम वेखंड उगाळून चाटवतात. त्याने गुण आला नाही तर देवाला नवस बोलला जातो, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर ‘याचा बापही उशिराच बोलला होता’ या दाखल्यावर सारे घर निश्चिंत होते. या निश्चिंतपणाला अडाणीपणा म्हणून नावे ठेवणे सोपे आहे. परंतु मुलाचे कान तपासून त्याच्या न बोलण्याचे कारण सांगू शकेल असा माणूस जेथे पंचक्रोशीत भेटत नाही, तेथे वेखंड आणि नवस यांखेरीज आईबापांनी दुसरे काय करावयाचे, याचे उत्तर नावे ठेवणाऱ्यांनी दिले पाहिजे.

असा माणूस आपल्याकडे तयारच होत नाही, असे मात्र नाही. ‘बॅचलर ऑफ ऑडिऑलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी’ या लांबलचक नावाची चार वर्षांची पदवी आपल्या राज्यात दिली जाते. ऐकणे, बोलणे, भाषा समजणे आणि अन्न गिळणे या क्रियांतील दोष शोधावयाचे, आणि औषधाविना, शस्त्राविना, केवळ चिकाटीच्या सरावाने ते दूर किंवा निदान कमी करावयाचे, हे या पदवीधराचे काम. लोक त्याला ‘स्पीच थेरपिस्ट’ म्हणतात. येथे त्याला वाचोपचारक म्हणू. दरवर्षी असे तरुण-तरुणी शिक्षण संपवून बाहेर पडतात आणि तरीही ते गोरेगावला पोहोचत नाहीत. ते का पोहोचत नाहीत, हा प्रश्न वैद्यकाचा नसून सरळसरळ अर्थशास्त्राचा आहे. त्याचे उत्तर त्या तरुणांच्या मनोवृत्तीत शोधण्यापेक्षा, त्यांचे शिक्षण ‘पूर्ण झाले’ असे आपण ज्या टप्प्यावर मानतो, त्या टप्प्यात शोधणे अधिक फलदायी ठरेल.

या शिक्षणाची आपल्याकडील परंपरा फार जुनी नाही, पण अगदी कालपरवाचीही नाही. कर्णबधिर मुलांची शाळा मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकातच निघाली होती. तथापि अशा मुलांचा शिक्षक वेगळा आणि वाचोपचारक वेगळा, हा विवेक येण्यास स्वातंत्र्यानंतरचीही बरीच वर्षे जावी लागली. १९६० च्या दशकात मुंबईला नायर रुग्णालयात, टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आश्रयाने, या विषयाचे शिक्षण सुरू झाले. त्याच दशकाच्या मध्यास म्हैसूरला केंद्र सरकारची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था उभी राहिली. पुढे ९ ऑगस्ट १९८३ रोजी मुंबईत वांद्रे येथे राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि तिला महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव देण्यात आले. हे अली यावर जंग एके काळी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी हिंगोलीकडच्या विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी याच उस्मानियाकडे पाहावे लागे. तेव्हा हैदराबादचा रस्ता धरावा लागे. आज वाचोपचार शिकावयाचा तर प्रामुख्याने मुंबई-पुण्याचा धरावा लागतो. रस्ता बदलला, अंतर फारसे बदलले नाही.

१९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने या व्यवसायाला नियमांची चौकट दिली. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि परिषदेकडील नोंदणी या दोन अटींवाचून कोणीही हा व्यवसाय करू नये, असा त्याचा आशय आहे. आपल्याकडे चार वर्षांची पदवी संपली की नोंदणी मिळते. त्या चारांपैकी तीन वर्षे शिकण्याची आणि चौथे उमेदवारीचे, म्हणजे इंटर्नशिपचे.

या विद्यार्थ्यांच्या वाटेकडे जरा बारकाईने पाहणे अवश्य आहे. महाराष्ट्रात अलीकडच्या वर्षांत या पदवीचे प्रवेश वैद्यकीय शाखांच्याच ‘नीट’ परीक्षेच्या रांगेतून होत आले आहेत. हिंगोलीकडची मुले बारावीनंतर नांदेडला किंवा लातूरला शिकवण्या लावतात त्या डोळ्यांसमोर एम.बी.बी.एस. ठेवून. गुण कमी पडले की महाविद्यालयांच्या यादीत खाली खाली जाता जाता या पदवीचे नाव अनेकांना प्रथमच दिसते. वडिलांना ते धड उच्चारता येत नाही, आणि ‘म्हणजे शेवटी डॉक्टरच ना?’ या गावकऱ्यांच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे हे मुलीलाही ठाऊक नसते. ज्या व्यवसायाकडे निवडीने नव्हे तर उरलेल्या जागेमुळे माणसे येतात, त्याची समाजातील पत किती, हे एवढ्यावरूनच दिसते.

शिक्षण मात्र उरलेसुरलेले नाही. स्वरयंत्राची व कानाची रचना, मेंदूतील भाषेची केंद्रे, ध्वनीचे भौतिकशास्त्र, उच्चारशास्त्र, भाषाशास्त्र, बालमानसशास्त्र, असे चार विद्याशाखांत विखुरलेले ज्ञान येथे एका माणसाच्या डोक्यात एकत्र आणावे लागते. आणि ते सारे पाठ झाले तरी विद्यार्थिनीच्या समोर जमिनीवर बसलेले चार वर्षांचे मूल तोंड उघडेलच, याची हमी नाही. त्याच्या हाती खेळणे द्यायचे, ते मागण्यासाठी त्याने काहीतरी आवाज करावा म्हणून थांबायचे, आणि तो आवाज आला की जगातील सर्वांत मोठी घटना घडल्यासारखे त्याच्याकडे पाहायचे. हे थांबणेच सर्वांत अवघड असते. नवशिक्याला शांतता सहन होत नाही आणि तो मुलाच्या वाटचेही स्वतःच बोलून टाकतो. अर्धांगवायूने वाचा गेलेला निवृत्त कारकून, तंबाखूच्या कर्करोगामुळे स्वरयंत्र काढून टाकलेला शेतकरी, शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर अडणारा महाविद्यालयीन तरुण, यांपैकी प्रत्येकापुढे बसण्याची रीत निराळी. ती पुस्तकातून येत नाही. कोणीतरी जाणत्याने शेजारी बसून ‘आता बोलू नकोस, थांब’ असे सांगावे लागते.

म्हणूनच अमेरिकेत या व्यवसायाची किमान पात्रता पदव्युत्तर पदवी ही आहे. तीत देखरेखीखालील प्रत्यक्ष कामाचे ४०० तास भरावे लागतात, आणि पदवी हाती आल्यावरही ३६ आठवडे पूर्ण वेळ एखाद्या अनुभवी व्यक्तीच्या नजरेखाली काम केल्यावरच स्वतंत्र प्रमाणपत्र मिळते. पहिली नोकरी हा तेथे शिक्षणाचाच शेवटचा अध्याय मानला जातो. तो देश श्रीमंत आहे, त्याची नक्कल आपल्याला परवडणार नाही, हे खरे. पण त्यामागचा विचार परवडण्याजोगा आहे. आपल्याकडे उमेदवारीचे वर्ष बहुधा मोठ्या शहरातील संस्थांत आणि रुग्णालयांतच जाते. ते संपले की त्या तरुणीला प्रमाणपत्र देऊन आपण बाजारात सोडतो आणि बाजार आपले काम करतो.

ते काम कसे चालते ते पाहू. आपली पदवी कान आणि वाचा या दोहोंची एकत्र आहे. कानाच्या बाजूला श्रवणयंत्र नावाची विकाऊ वस्तू आहे. तिला किंमत आहे, किमतीत नफा आहे आणि नफ्यातून पगार देता येतो. वाचेच्या बाजूला विकण्याजोगे काहीच नाही. आहे तो केवळ माणसाचा वेळ. मुलाला बोलते करण्यासाठी शिकलेली तरुणी श्रवणयंत्रांच्या दुकानात विक्रीचे आकडे गाठताना दिसते याचे कारण हेच. श्रवणयंत्र बसवणे हेही मोलाचे काम आहे यात शंका नाही. पण यंत्र कानात बसवल्याने मूल बोलू लागत नाही. यंत्राने आवाज येतो; त्या आवाजाचा अर्थ शिकवायला पुढे वर्ष-दोन वर्षे कोणीतरी बसावे लागते. दुकानाचा हिशेब यंत्र विकले गेले की पूर्ण होतो आणि मुलाचा तेथून सुरू होतो. जे दुकानात जात नाहीत, ते मुंबई-पुण्यात खाजगी दवाखाना थाटतात किंवा पुढे शिकून परदेशाची वाट धरतात. यांतील कोणालाही दोष देण्याचे कारण नाही. शेतकऱ्याने ज्वारी सोडून सोयाबीन घेतले म्हणून त्याला कोणी दोष देत नाही.

विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये नाटक-संगीताच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहिला. त्यातील मुद्दा येथे नेमका लागू पडतो. कारखान्यात एका कामगाराच्या हातून निघणारा माल यंत्रांमुळे वर्षानुवर्षे वाढत जातो, पण चार वादकांना एखादी रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जितका वेळ लागे तितकाच आजही लागतो. इतरत्र उत्पादकता आणि पगार वाढतात. त्यामुळे जेथे उत्पादकता वाढूच शकत नाही अशी कामे दिवसेंदिवस महाग होत जातात. वाचोपचाराचा अर्धा तास हा असाच आहे. तो पंधरा मिनिटांत उरकता येत नाही आणि चाळीस मुलांना एका वर्गात कोंबून देता येत नाही. असे काम बाजारावर सोपवले तर ते श्रीमंतांपुरते उरते. शिक्षणाच्या बाबतीत समाजाने हे फार पूर्वी ओळखले आणि शाळामास्तरचा पगार सरकारने द्यावयाचा असे ठरवले. वाचेच्या बाबतीत ती ओळख अद्याप पटावयाची आहे.

आता गोरेगावच्या पालकाच्या बाजूने हिशेब मांडून पाहू. वाचोपचार हे एकदा जाऊन घ्यावयाचे औषध नव्हे. आठवड्यातून दोनदा तरी जावे लागते, असे धरू. जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा नांदेडला जाणे म्हणजे आई किंवा बाप यांचा एक दिवस बुडाला. वर्षाचे असे १०४ दिवस होतात. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला २९७ रुपये होता. त्या दराने बुडालेली मजुरी ३० हजार ८८८ रुपये. उपचार फुकट असले तरी ही रक्कम सुटत नाही, आणि एस.टी.चे भाडे तर यात धरलेलेच नाही. त्या वर्षी केंद्राच्या कायद्याने कुटुंबाला हमी होती ती १०० दिवसांच्या कामाची. म्हणजे सरकार वर्षभरात जेवढ्या दिवसांच्या कामाची हमी देत होते, त्याहून अधिक दिवस एका मुलाच्या जिभेपायी जाणार. ‘पालक मध्येच येणे सोडून देतात’ अशी तक्रार या क्षेत्रात ऐकू येते, तेव्हा हा हिशेब लक्षात ठेवावा. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत किंवा हळद शिजवण्याच्या हंगामात आई मुलाला घेऊन बाहेरगावी गेली नाही, तर तो तिचा निष्काळजीपणा नसून हतबलता असते.

इतर अनेक टंचाया थांबू शकतात. पूल यंदा झाला नाही तर पुढच्या वर्षी होईल. ही टंचाई मात्र थांबू शकत नाही, कारण भाषा शिकण्याला हंगाम असतो. जन्मजात बहिरेपणाच्या बाबतीत जगभर मानला जाणारा दंडक असा आहे : पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांना आरंभ. मराठवाड्यात आत्या-मामांच्या मुलामुलींची लग्ने होत आली आहेत, आणि जवळच्या नात्यातील विवाहांत जन्मजात बहिरेपणाचा धोका वाढतो, हे वैद्यकाला ठाऊक आहे. अशा प्रदेशात तर हा दंडक अधिकच काटेकोरपणे पाळला गेला पाहिजे. प्रत्यक्षात मूल ऐकत नाही हे कित्येकदा शाळेत नाव घालताना उघडकीस येते. तोपर्यंत पेरणीचा मोसम निघून गेलेला असतो.

कायद्याने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात सात प्रकार होते. बहिरेपणा त्यांत होता, वाचेचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. ऐकू येणारा पण बोलू न शकणारा माणूस त्या कायद्याच्या लेखी जणू नव्हताच. २०१६ च्या कायद्याने प्रकार एकवीस केले आणि त्यांत वाचा व भाषा यांच्या दोषाला जागा दिली. परंतु तेथेही व्याख्या कायमस्वरूपी दोषाची आहे : स्वरयंत्र काढले गेले किंवा मेंदूच्या आघाताने भाषा गेली, अशी उदाहरणे त्यात दिली आहेत. जो दोष उपचाराने बरा होण्याजोगा आहे, तो प्रमाणपत्राच्या दाराबाहेरच राहतो. आपल्या कल्याणकारी राज्याची ही एक चमत्कारिक सवय आहे. दुःख कायमचे झाले की ते नोंद घेते. २०११ च्या जनगणनेत देशात श्रवणदोष असलेले ५० लाख ७१ हजार आणि वाचादोष असलेले १९ लाख ९८ हजार लोक नोंदले गेले. दारात उभ्या असलेल्या प्रगणकाने विचारलेल्या प्रश्नाला घरच्यांनी दिलेल्या उत्तरावर हे आकडे बेतलेले आहेत. उशिरा बोलणारे मूल त्यांत आले असेल असे मानण्याचे कारण नाही.

फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ महाराष्ट्रातच, पालघरला झाला. अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी करावयाची, जन्मदोषांबरोबरच विकासातील विलंबही टिपावयाचा आणि अशा मुलांना जिल्ह्याच्या केंद्रात पाठवावयाचे, अशी ही योजना आहे. या केंद्राच्या आराखड्यात वाचोपचारकाचे पद आहे. योजना उत्तम आहे. किंबहुना कागदावर याहून चांगली योजना आखणे कठीण. अडचण त्या पदाच्या स्वरूपात आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील अशी पदे कंत्राटी असतात, आणि याच अभियानातील कंत्राटी कर्मचाऱ्यांना सेवेत कायम करा या मागणीसाठी २०२३ च्या अखेरीस राज्यभर संप करावा लागला. ज्या नोकरीचे पुढच्या वर्षी काय होईल हे ठाऊक नाही, तिच्यासाठी मुंबई सोडून हिंगोलीत खोली घेण्याचा सल्ला कोणता बाप आपल्या मुलीला देईल? आणि मूल ओळखले पण उपचार करणारे कोणी नाही, अशी स्थिती आली की तपासणीचे पथक हे आईच्या काळजीत भर घालणारे साधन तेवढे उरते.

हिंगोलीत काम करण्यासाठी केवळ पदवीधर पुरणार नाही, या मातीची बोली जाणणारा पदवीधर हवा, हा मुद्दा सहसा कोणी मांडत नाही. गोरेगाव ज्या सेनगाव तालुक्यात आहे, तो विदर्भाच्या वाशीम जिल्ह्याला लागून आहे. वऱ्हाडी वळणाच्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. ‘डोळे’ हे ‘डोये’ होतात आणि ‘शाळा’ ही ‘शाया’ होते. शहरात शिकलेल्या वाचोपचारकापुढे या सीमेवरचे पाच वर्षांचे मूल बसले आणि चित्र पाहून ‘डोये’ म्हणाले, तर तो वहीत काय लिहील? ‘ळ’चा उच्चार सदोष, असे लिहिले तर त्या मुलाच्या आजीपासून साऱ्या गावाला रोगी ठरवल्यासारखे होईल. उलट, एखाद्या मुलाला ‘ळ’ खरोखरच साधत नसेल आणि ‘इकडे असेच बोलतात’ म्हणून ते सोडून दिले, तर त्याचे नुकसान होईल. बोली आणि दोष यांतील सीमारेषा ओळखण्यासाठी गावातली मोठी माणसे कशी बोलतात ते कानांनी ऐकलेले असावे लागते. जिल्ह्यातील तांड्यांवर घरात गोरमाटी बोलतात, हिंगोली शहराच्या काही मोहल्ल्यांत दखनी उर्दू चालते, आणि अंगणवाडी मात्र सर्वांसाठी मराठीत. तांड्यावरचे मूल अंगणवाडीत गप्प बसले, तर ते मुके आहे, बहिरे आहे, की त्याला ताईंची भाषाच कळत नाही? एखाद्या शिकल्यासवरल्या माणसाने ‘मंद’ म्हणून शेरा मारावा आणि तो शेरा मुलाला शाळेतून बाहेर काढेपर्यंत चिकटावा, याची शक्यता येथे मोठी आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून नर्सी याच जिल्ह्यात पूजिली जाते. या भागातल्या बोलीला कमीपणा देण्याचा अधिकार कोणाही तज्ज्ञाला नाही.

येथे एका आक्षेपाचाही विचार केला पाहिजे. कर्णबधिरांच्या अनेक संघटना म्हणतात की, आम्हाला बोलते करण्याचा हट्ट कशासाठी? आमची खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे. हे म्हणणे खरे आहे. २०१५ मध्ये केंद्राने भारतीय सांकेतिक भाषेसाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली, तीही या जाणिवेतूनच. मुलाला भाषा मिळाली पाहिजे, मग ती तोंडाची असो वा हातांची. मात्र गोरेगावच्या मुलाला आज दोहोंपैकी एकही मिळण्याची व्यवस्था नाही. जाणता वाचोपचारक भेटला तर निदान कोणती वाट धरावी हे तरी तो सांगू शकेल.

अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने प्रत्येक अपंग मुलाला सार्वजनिक शाळेत योग्य शिक्षण मिळण्याचा हक्क दिला आणि त्यासाठी लागणारे वाचोपचार देणे हे शाळेचे कर्तव्य ठरवले. तेथील वाचोपचारकांपैकी सुमारे निम्मे आज शैक्षणिक संस्थांत नोकरीस आहेत. कायद्याने मागणी निर्माण केली, पैसा लावला आणि पुरवठा त्यामागोमाग आला. आपल्याकडे पुरवठा वाढला की तो आपोआप खेड्यात झिरपेल अशी आशा धरली जाते. डॉक्टरांच्या बाबतीत ती फोल ठरली आहे. ग्रामीण सेवेची सक्ती घातली, तर दंड भरून सुटण्याची वाट काढली गेली आणि सक्तीचे रूपांतर एका किमतीत झाले. वाचोपचारकांवर तसेच बंधन लादावे, ही सूचना म्हणूनच शहाणपणाची नाही. शिवाय एकट्या, अननुभवी पदवीधराला हिंगोलीला धाडणे हे त्याच्यावर आणि मुलांवर, दोघांवरही अन्याय करणारे ठरेल. शंका आली तर विचारायला शेजारी कोणी नसणे, ही या व्यवसायात पगाराहून मोठी उणीव असते.

करता येण्याजोगे आहे ते याहून साधे आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्‍घाटन झाले, त्यांत हिंगोलीचे एक आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की कान-नाक-घसा विभाग आलाच. त्या विभागात एका अनुभवी वाचोपचारकाचे कायम पद निर्माण करावे, आणि मुंबई-पुण्याच्या संस्थांतील विद्यार्थ्यांनी उमेदवारीच्या वर्षातील तीन-चार महिने त्याच्या हाताखाली काढावेत. त्यांना विद्यावेतन आणि राहण्याची सोय सरकारने द्यावी. शिक्षणाचा शेवटचा अध्याय अशा रीतीने जिल्ह्यात आला, तर दरवर्षी येणाऱ्यांपैकी एखादी हिंगोलीचीच लेक असेल आणि तिला राहावेसेही वाटेल. याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ विश्वातील गुरुत्वीय लहरींचा सूक्ष्म कंप टिपणारी ‘लायगो’ वेधशाळा उभारण्यासाठी एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने सुमारे २६०० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. विज्ञानाचा तो मान मोठाच आहे. पण जो देश कोट्यवधी प्रकाशवर्षांवरचे ऐकण्यासाठी कान उभारू शकतो, त्याला एका पदाचा पगार जड आहे, असे कोणी सांगू नये.

फोनवरून चित्रासहित बोलता येते, तेव्हा प्रवासाची गरजच काय, असेही विचारले जाते. २०२० च्या महासाथीनंतर ही पद्धत बरीच रुळली. आईला शिकवण्यासाठी ती उपयोगी आहे आणि आईला शिकवणे हाच या उपचाराचा गाभा आहे. आठवड्यातील एक तास वाचोपचारकाचा, उरलेले सारे तास घराचे. पण कान तपासणे, जीभ आणि टाळू पाहणे, पहिली ओळख करून मुलाचा विश्वास मिळवणे, ही कामे फोनवर होत नाहीत.

शिक्षकांचाही यात वाटा आहे. पहिलीच्या वर्गात मागे बसणारा, नाव पुकारल्यावर उशिरा मान वर करणारा, धडा वाचायला उभे केले की अडखळून घाम फुटणारा मुलगा त्यांनाच आधी दिसतो. त्याला ‘तोतरा’ म्हणून वर्ग हसतो तेव्हा त्या हसण्याला आवर घालण्यासाठी कोणत्याही पदवीची गरज नसते. आणि खुद्द शिक्षकांचे काय? साठ-साठ मुलांपुढे वर्षानुवर्षे ओरडून शिकवताना घसा बसणे हे आपण व्यवसायाचे भूषण समजत आलो. स्वरतंतूंवर गाठी येतात, आणि आवाज वापरण्याची रीत बदलली तर त्या पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून कमी होतात, हे सांगणाराही हाच वाचोपचारक.

हिंगोलीच्या महाविद्यालयात असे पद झाले, तर त्या पदावरच्या व्यक्तीने आणि तिच्याबरोबरच्या उमेदवारांनी आठवड्याचे सर्व दिवस तेथेच बसून राहू नये. गोरेगावला, सेनगावला, कळमनुरीला, औंढ्याला ज्या दिवशी आठवडी बाजार भरतो, त्या दिवशी त्यांनी त्या गावी किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात बसावे. बाजाराला आई येतेच. त्यासाठी तिला वेगळा रोज बुडवावा लागत नाही. मीठ-मिरची घेण्याआधी अर्धा तास मुलाला घेऊन ती बाकावर बसली, तर वरच्या हिशेबातील बराचसा आकडा खाली येईल.